कंबर सापडत नव्हती: द्राक्षबागेतील एका मजूर महिलेच्या कंबरदुखीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातील तासगाव भागातल्या एका ४८ वर्षांच्या शेतमजूर महिलेचे आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. आमच्या फिजिओथेरपी केंद्रात आम्ही त्यांना मावशी म्हणत असू, म्हणून येथेही तेच संबोधन वापरते.

मावशी वीसहून अधिक वर्षे द्राक्षबागेत काम करत आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटवे काढणे, पुढे घडांची विरळणी, संजीवकाच्या, म्हणजे वाढीवर परिणाम करणाऱ्या रसायनाच्या, द्रावणात घड बुडवण्याचे काम, ज्याला बागेत सगळे डिपिंग म्हणतात, त्यानंतर काढणी आणि उन्हाळ्यात बेदाण्याच्या शेडवर निवड, असे त्यांचे वर्ष असते. मांडवाखालचे काम मान वर, हात डोक्यापेक्षा उंच आणि कंबर किंचित मागे झुकलेली अशा अवस्थेत तासन्‌तास चालते. शेडवरचे काम त्याच्या उलट, जमिनीवर बसून, पुढे वाकून.

तीन वर्षांपूर्वी काढणीच्या दिवसांत भरलेला क्रेट उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली. आठवडाभराने त्या पुन्हा कामावर गेल्या, पण कमरेच्या डाव्या बाजूचे दुखणे राहिले ते राहिलेच. वर्षभराने एमआरआय झाला. त्यात कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती किंचित फुगलेली दिसली. घरात मात्र त्याचे दोन अर्थ पोहोचले, ‘गादी सरकलीय’ आणि ‘मणक्यात गॅप आलाय’, आणि हे दोन्ही अर्थ पुढे आम्हाला कोणत्याही औषधापेक्षा जास्त जड गेले. मधल्या काळात ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणण्याचा उपचार), शेक, वेदनाशामक गोळ्या आणि कमरेचा पट्टा एवढे सगळे करून झाले होते. आमच्याकडे त्या जूनच्या अखेरीस आल्या. ऑक्टोबरात छाटणी सुरू झाली की टोळीत उभे राहिलेच पाहिजे, नाहीतर मुकादम ती जागा दुसऱ्या बाईला देईल, एवढी एकच मुदत त्यांनी आमच्यासमोर ठेवली.

अडचण नेमकी कोणती होती

पहिल्या भेटीत धोक्याची लक्षणे तपासली. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, लघवी-संडासवरचे नियंत्रण जाणे, मांड्यांच्या आतल्या भागाची बधिरता यांपैकी काहीही नव्हते. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही, म्हणून तोही प्रश्न विचारला. पायांची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया ठीक होत्या. वेदना दहापैकी सात.

लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टीने. मी त्यांना पुढे वाकायला सांगितले, तेव्हा त्या श्वास रोखून, पाठ फळीसारखी ताठ धरून, फक्त खुब्यातून झुकल्या, आणि वर येऊन म्हणाल्या, “वाकवली की कंबर. अजून किती वाकवू?” कमरेच्या मणक्यांमध्ये हालचाल जवळजवळ झालेलीच नव्हती. पुढे त्यांनी जे सांगितले ते मी तसेच टिपून ठेवले: “कंबर हाय तिथं, पर माझी हाय असं वाटत न्हाई. उसनी आणल्यागत वाटती.”

दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्या लोकांमध्ये असे घडते, हे संशोधनात नोंदले गेले आहे. मेंदूचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ साली मेंदूच्या पृष्ठभागावरील शरीराचा जो नकाशा मांडला, त्यात हात आणि ओठ यांच्या तुलनेत धडाला मुळातच थोडी जागा आहे. १९९७ मध्ये हर्टा फ्लोर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की जुनाट पाठदुखीच्या रुग्णांमध्ये पाठीचे हे मेंदूतले स्थान सरकलेले असते. २००८ मध्ये लॉरिमर मोझली यांनी सहा रुग्णांना, पाठीला हात न लावता, ती जशी जाणवते तशी तिची बाह्यरेषा काढायला सांगितली, तेव्हा दुखऱ्या भागापाशी रेषा अडखळली किंवा सुटली, आणि त्याच भागात स्पर्शाची बारीक जाणही कमी आढळली. सहा रुग्ण म्हणजे फार मोठी संख्या नव्हे, परंतु पुढची बरीच कामे याच धाग्यावरून गेली.

मावशींना मी केंद्रातली पाटी आणि पेन्सिल दिली. लिहिण्याचा सराव सहीपुरताच असल्यामुळे पेन्सिल हातात धरायला त्या लाजत होत्या. उजवीकडची रेषा त्यांनी बरगडीपासून खुब्यापर्यंत एका दमात उतरवली. डावीकडची रेषा शेवटच्या बरगडीखाली थांबली. पेन्सिल तिथेच टेकवून त्या बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, “हितनं फुडं काय हाय ते मला दिसत न्हाई, म्याडम.”

त्यानंतर कॅलिपरची, म्हणजे अंतर मोजण्याच्या दोन टोकांच्या साधनाची, दोन बोथट टोके एकाच वेळी टेकवून ती दोन म्हणून जाणवण्यासाठी किती अंतर लागते, ते मोजले. बोटाच्या टोकावर हे अंतर दोन-तीन मिलिमीटर असते. निरोगी कमरेवर सुमारे चार-पाच सेंटिमीटर. मावशींच्या उजव्या बाजूला पाच सेंटिमीटर लागले, डाव्या बाजूला साडेसात. ज्या बोटांना बेदाण्यातली काडी न बघता लागते, त्यांच्या मालकिणीला कमरेवर हाताच्या चार बोटांएवढ्या रुंदीतली दोन टोके एकच वाटत होती.

येथे एक अडचण भाषेची आली, आणि ती मला आधी सुचायला हवी होती. पाठीच्या जाणिवेसाठी बेनेडिक्ट वॉन्ड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली फ्रीमँटल प्रश्नावली नऊ विधानांची आहे. प्रत्येक विधानाला शून्य ते चार गुण, एकूण ३६. मी तिचा कामापुरता मराठी तर्जुमा करून ठेवला होता आणि त्यात सर्वत्र ‘पाठ’ लिहिले होते. “माझी पाठ शरीराचा भाग नाही असे वाटते” हे पहिलेच विधान ऐकून मावशी ठामपणे म्हणाल्या, “पाठ चांगली हाय माझी. कंबर दुखती.” आपल्या बोलण्यात पाठ म्हणजे वरचा रुंद भाग, खालचा भाग म्हणजे कंबर, त्याखाली माकडहाड. इंग्रजीतला एक शब्द आपल्याकडे तीन ठिकाणी राहतो. ‘कंबर’ घालून पुन्हा विचारले तेव्हा गुण २१ आले. पहिल्याच शब्दावर अडून मी पुढे गेले असते, तर कागदावर त्यांची जाणीव जवळजवळ निर्दोष दिसली असती.

कोणते पर्याय होते

मुलाचा आग्रह पुन्हा एमआरआय करून शस्त्रक्रियेबाबत विचारण्याचा होता. मागच्या तपासणीचा खर्च त्यानेच उचलला होता, आणि ‘गॅप’ आहे तर तो भरला पाहिजे हे त्याचे म्हणणे त्याच्या जागी सरळ होते. पायात उतरणारी वेदना नाही, कमजोरी नाही, धोक्याचे लक्षण नाही, अशा स्थितीत नवे चित्र काढून निर्णय बदलण्याची शक्यता फार कमी होती. २०१५ मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा जो आढावा घेतला, त्यात चाळिशीतल्या निम्म्या आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांमध्ये फुगलेली चकती सापडली होती. हे आकडे मी मुलाला सांगितले. त्याने लगेच विचारले, “मग दुखतंय कशानं?” प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर देण्यात माझ्या दोन भेटी गेल्या.

ट्रॅक्शन आणि पट्टा पुढे चालू ठेवणे हा दुसरा पर्याय होता. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या दोन्हींची नेहमीच्या उपचारात शिफारस केलेली नाही, शिवाय त्यांनी मावशींना तीन वर्षांत फरकही पडला नव्हता. तिसरा पर्याय फक्त ताकदीच्या व्यायामांचा. दिवसभर क्रेट हलवणाऱ्या बाईला ताकद कमी आहे म्हणून दुखते असे सांगणे मला पटेना.

चौथा पर्याय जाणिवेपासून सुरुवात करून क्रमाक्रमाने हालचाल आणि काम यांकडे जाण्याचा होता. यावर २०२२ साली ऑस्ट्रेलियात २७६ रुग्णांवर झालेली एक चांगली चाचणी प्रसिद्ध झाली. दर आठवड्याला एक याप्रमाणे बारा सत्रे. अठराव्या आठवड्याला वेदना दहापैकी ५.६ वरून ३.१ वर आली, तर नकली उपचार घेतलेल्या गटात ५.८ वरून ४.० वर. म्हणजे दोन गटांतला फरक सुमारे एका गुणाचा. तो चमत्कार नव्हे, हे मी मावशींना आणि मुलाला स्पष्ट सांगितले. तरीही पाटीवरची तुटलेली रेषा पाहिल्यावर हाच पर्याय त्यांच्या अडचणीला सर्वांत जवळचा वाटला. बारा आठवडे दर आठवड्याला एसटीने सांगलीला येणे म्हणजे बारा दिवसांची मजुरी बुडवणे, म्हणून चौदा आठवड्यांत आठ भेटी आणि बाकीचे घरी, असे ठरले.

काय केले, आणि पहिली चूक

पहिल्या भेटीच्या शेवटी मी त्यांना सांगितले की घरी काम करताना, विशेषतः वाकताना, कमरेकडे लक्ष ठेवा. शरीराची जाणीव वाढवायची तर लक्ष द्यायला हवे, इतका साधा हिशेब त्यामागे होता. दोन आठवड्यांनी त्या आल्या त्या भिंतीचा आधार घेत. वेदना आठ. झोप उडालेली. कूस बदलतानाही त्या आधी कमरेला हात लावून पाहत होत्या. “तुमी सांगितल्यापासनं डोळ्यात तेल घालून बसलोय कंबरंवर,” त्या म्हणाल्या.

त्या एका वाक्याने माझी चूक दाखवली. मला अपेक्षित होता शोध, त्यांनी ठेवला पहारा, आणि दोन्हींसाठी मी एकच ‘लक्ष’ हा शब्द वापरला होता. शरीराच्या आतल्या जाणिवेवर वुल्फ मेलिंग आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तयार केलेल्या ३२ विधानांच्या प्रश्नावलीत जाणिवेचे आठ वेगवेगळे पैलू केले आहेत, आणि संवेदना टिपणे हा त्यातला एक पैलू असला, तरी त्या संवेदनेची काळजी न करणे हा दुसरा, स्वतंत्र पैलू आहे. हे मी वाचलेले होते. वाचलेले आणि तोंडातून निघालेले यांत मात्र अंतर पडले.

तेव्हापासून सूचना देणे बंद करून मी प्रश्न द्यायला सुरुवात केली, आणि तेही दुखण्याशी संबंध नसलेले. बसल्यावर वजन उजव्या बैठकीवर जास्त आहे की डाव्या? श्वास घेताना पट्ट्याखालची जागा रुंदावते का? चालताना कोणत्या पायाचा आवाज मोठा येतो? दिवसातून तीन वेळा, पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि त्यानंतर कंबर विसरून जायची. पुढच्या भेटीला वेदना पुन्हा सातवर आली होती. प्रगती म्हणण्याजोगे त्यात काही नव्हते, पण बिघाड थांबला होता.

दुसरा टप्पा स्पर्शाचा. नुसते चोळणे आणि स्पर्श ओळखणे यांत फरक आहे. २००८ मध्ये मोझली आणि सहकाऱ्यांनी हातापायांच्या एका जुनाट वेदनाविकारात दाखवले होते की केवळ स्पर्श करून नव्हे, तर तो कुठे आणि कसा झाला हे रुग्णाला ओळखायला लावल्यावर वेदना कमी होते. घरी हे करणार कोण, हा प्रश्न होता. सुनेला कंबर दाखवायला मावशींना संकोच वाटत होता. दुसरीत शिकणारी नात मात्र लगेच तयार झाली. ती रोज संध्याकाळी ब्लाउजखालच्या उघड्या भागावर बोटाने एक आकडा काढायची आणि आजीने तो ओळखायचा. नातीने वहीत बरोबर-चूक अशी खूण केली. पहिल्या आठवड्यात उजवीकडे दहापैकी आठ आकडे बरोबर, डावीकडे तीन. “डाव्या अंगाला ४ आन्‌ ९ एकच लागत्यात,” असे मावशींनी मला सांगितले, आणि नातीने माझ्यादेखत वही उघडून त्याचा पुरावा दिला.

तिसरा टप्पा आरशाचा. २०१२ मध्ये वॉन्ड यांच्या गटाने २५ रुग्णांना वारंवार वाकायला लावले होते. आरशात स्वतःची पाठ दिसत असताना दुखणे कमी राहिले आणि लवकर ओसरले. आमच्याकडे एकच आरसा होता. सलूनमध्ये मानेमागचे केस दाखवतात तशी मांडणी करण्यासाठी दुसरा आणावा लागला. दार बंद करून, खोलीत फक्त मी आणि माझी सहकारी असताना, मागून उघडणारा झगा घालून मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा आपली कंबर पाहिली. “आगं बया, सरळच हाय की ही. मला वाटलं डावीकडं कलंडली असंल.” तीन वर्षे त्या वाकड्या कमरेने वावरत होत्या, आणि ती वाकडी नव्हती. आरशाशिवाय दहा वेळा वाकल्यावर दुखणे सहा, आरशात पाहत दहा वेळा वाकल्यावर चार. एका दिवसाच्या मोजणीला मी फार वजन देत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा फरक जास्त बोलका होता.

शेवटच्या तीन भेटी कामाच्या हालचालींच्या होत्या. पाण्याचा मग डोक्यावर धरून घड बुडवल्याचा अभिनय, मग तोच मग भरून, मग दहा मिनिटे, मग वीस. जमिनीवर बसून निवडण्याची बैठक. रिकामा क्रेट, आणि नंतर अर्धा भरलेला.

पट्ट्याचा निर्णय

पट्टा हळूहळू सोडायचा, असे मी चौथ्या भेटीत सुचवले. मावशींनी मान हलवली, पण पुढच्या भेटीला त्या पट्टा बांधूनच आल्या. दोनदा असे झाल्यावर मी कारण विचारले. साडीवरून बांधलेला पट्टा मुकादमाला दुरून दिसतो, आणि पट्टा असलेल्या बाईला तो क्रेटच्या कामाला लावत नाही. पट्टा सोडला की त्यांचे दुखणे टोळीच्या दृष्टीने संपले. मी ज्याला कमरेचा आधार समजत होते तो त्यांचा वैद्यकीय दाखला होता. त्यानंतर आम्ही ठरवले की घरी आणि व्यायामात पट्टा नको, बागेत त्यांची मर्जी.

निष्पत्ती

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मावशी टोळीत उभ्या राहिल्या. तोपर्यंत वेदना सरासरी चार, प्रश्नावलीचे गुण २१ वरून ११, कॅलिपरचे डावीकडचे अंतर साडेसातवरून साडेपाच सेंटिमीटर. कॅलिपरच्या मोजमापात हाताच्या दाबानेही सेंटिमीटरभर इकडेतिकडे होते, त्यामुळे या शेवटच्या आकड्यावर मी फार भर देणार नाही. जाणीव सुधारली म्हणून दुखणे उतरले, की दुखणे उतरले म्हणून जाणीव सुधारली, हेही एका रुग्णावरून ठरत नाही. बेदाण्याचा हंगाम संपून मिळालेली विश्रांतीही या हिशेबात धरायला हवी.

नोव्हेंबरमध्ये डिपिंगचे सलग तीन दिवस झाल्यावर कंबर पुन्हा धरली. त्यांनी फोन केला तो चौथ्या दिवशी, आणि तोही उपचार विचारायला नव्हे. दोन दिवस अर्धा वेळ काम केले, नातीकडून आकडे काढून घेतले, आता बरे आहे, एवढेच सांगायला. पूर्वी अशा वेळी त्या आठवडाभर अंथरूण धरत असत. जानेवारीत काढणीच्या आधी त्या एकदा येऊन गेल्या. पाटीवर या वेळी दोन्ही बाजूंच्या रेषा खालपर्यंत आल्या, डावीकडची जरा जास्तच फुगीर. वेदना तीन ते पाचच्या मध्ये राहते. ती पूर्ण गेलेली नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिली सूचना देण्याआधी, त्या ‘लक्ष ठेवा’ याचा अर्थ काय घेतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला हवे होते. एक मिनिटाचे काम होते. ते न केल्याने चौदांपैकी दोन आठवडे गेले. आरसा मी पाचव्या भेटीला आणला, कारण संकोचाचा विषय लवकर काढू नये असे मला वाटले. तो संकोच माझा जास्त होता. दुसऱ्या भेटीत, त्या सर्वांत घाबरलेल्या होत्या तेव्हाच, कंबर सरळ असल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिले असते तर बरे झाले असते. मुलाला पहिल्याच भेटीत सोबत बसवायला हवे होते. ‘गॅप’ हा शब्द घरात रोज उच्चारला जात असताना केंद्रातल्या पाऊण तासाच्या बोलण्याला किती बळ राहणार? मुकादमाशी, मावशींच्या परवानगीने, एकदा बोलून पाहावे का, हा विचार मी केला आणि सोडून दिला. त्यांची रोजी त्याच्या हातात होती आणि माझ्या बोलण्याने ती सुरक्षित होईल की जाईल, याचा अंदाज मावशींनाच चांगला होता.

प्रश्नावलीपुरता बदल मात्र लगेच केला आहे. मराठी कागदावरचा ‘पाठ’ हा शब्द नऊही विधानांतून काढून तिथे मोकळी जागा ठेवली आहे. रुग्णाने आधी दुखऱ्या जागेवर हात ठेवायचा, तिला तो काय म्हणतो ते सांगायचे, आणि मी तो शब्द त्या जागेत लिहून मग पहिले विधान वाचते. गेल्या महिन्यात एका हमालाने तिथे कमरेसाठी ‘माज’ हा शब्द सांगितला.